नेचेवालीची मागची भिंत

नवऱ्याने टाकल्यावर ती भावाकडे आली, मागच्या खोलीत शिरली, आणि मग कोणाच्या बापाच्यानेही हलली नाही. खोलीमागे ऊन फिरकायचं नाही. वर पाण्याची टाकी पाझरायची, त्यामुळे भिंत कायमची ओली. तिथे दुसरं काही तगलंच नसतं. हिने नेचा लावला आणि त्याने अख्खी पट्टी गिळली. गर्द, चामड्यासारखी जाड पानं, बारमाही हिरवी. पाण्यात ठेवली तर फुलं माना टाकायची, ही पानं तशीच ताठ. लग्नाचा गुच्छ असो की मयताचं पुष्पचक्र, मागे पानं हिचीच. फुलवाला स्कूटर घेऊन दारात यायचा. गल्ली तिला नेचेवाली म्हणायची.

भाऊ मवाळ. मागची खोली पाडून स्वयंपाकघर वाढवू, असं बायकोने काढलं की म्हणायचा, "तिची बाग आहे तोवर खोलीचं नाव काढू नको." म्हणजे नेचा होता म्हणून नेचेवाली होती. हे नणंद-भावजय दोघींनाही पक्कं ठाऊक.

नेचा पसरतो तो खोडावरून. तपकिरी, लवदार खोड सुरवंटासारखं मातीवरून सरपटत जातं, खाली मुळं सोडतं, वर पानं काढतं. ते उघडंच राहायला हवं. पुरलं की कुजतं. नेचेवाली केसातले आकडे काढून ते मातीला नुसतं टाचून ठेवायची. पण कोणी बघायला येणार असलं की आधी वर पालापाचोळा पसरायची आणि सांगायची, "वीतभर खोल पुरायचं. वरून खत दाबायचं." तुकडा मात्र हसत द्यायची. दिला की नाव व्हायचं, आणि मेला की फुलवाला पुन्हा हिच्याच दारात.

सगळ्यांचे मेले. शेजारच्या शिवणवालीने तर पुन्हा पुन्हा नेले. तिलाही नवरा नव्हता, सुईपायी डोळे जात चालले होते, दुसरा काहीतरी आधार हवा होता. नेचेवाली तिला चार बायकांत म्हणायची, "अगं, तुझ्या हातालाच गुण नाही. नवरा टिकला नाही, झाड काय टिकणार?" बायका हसायच्या. शिवणवालीही हसायची. काय करते बिचारी.

मग नेचेवाली ओल्या फरशीवर घसरली आणि तिचा खुबा मोडला. दवाखान्यातून आणून तिला खिडकीपाशी खाटेवर टाकली. एका सकाळी, भाऊ कामावर गेल्यावर, ती बाहेर बघते तर भावजय पदर खोचून वाफ्यात बसलेली. आकडे उपटून बाजूला टाकलेले. एकेक खोड खड्ड्यात घालून ती माती दाबत होती. शिवलेले कपडे द्यायला आलेली शिवणवाली तिथेच उभी.

"अगं, काय करतेस?"

"बाग बघतेय, वन्सं. तुम्ही पडून राहा."

"पुरू नको ते. वर ठेव."

"वीतभर खोल, असं तुम्हीच सांगता की सगळ्यांना."

नेचेवालीने शिवणवालीकडे पाहिलं. बोललं तर गल्लीत तोंड दाखवायला जागा नाही. गप्प बसलं तर खोली जाणार. तिने बोलून टाकलं, "खोटं सांगत होते मी. पुरल्यानेच कुजले सगळ्यांचे. हिचेही. आता काढ वर."

भावजयीचे हात थांबले नाहीत. "माहीत आहे मला. इतकी वर्षं याच भिंतीशी भांडी घासतेय, डोळे काय गहाण टाकलेत?"

शिवणवाली कपडे ओट्यावर ठेवून निघून गेली.

संध्याकाळी भाऊ आल्याबरोबर नेचेवालीने सगळं सांगितलं. आज उकरलं तर जगेल, म्हणाली. तो गोंधळला. "अक्का, खोल पुरायचं हे तुझंच बोलणं ना? मी कानांनी ऐकलंय."

"शिवणवालीला विचार. तिच्यासमोर सगळं बोलणं झालंय."

तिला बोलावलं. मापाची टेप गळ्यात तशीच घेऊन ती आली.

"बोलणं कसलं?" ती म्हणाली. "वहिनी चिखलात बसून वाफा नीट करत होत्या. अक्का सांगतात तसाच."

"अगं, मी कबूल केलं ना तुझ्यासमोर?"

"काय की, अक्का. हाताला गुण नाही तसा माझ्या कानालाही नसेल."

ती गेल्यावर भाऊ बायकोला हळूच म्हणाला, "पडल्यापासून डोकं ठिकाणावर नाही तिचं. तू मनाला लावून घेऊ नकोस."

"छे. आजारी माणूस. मी कशाला लावून घेऊ?"

त्याला बहिणीची खरंच कीव आली. सुट्टीच्या दिवशी त्याने स्वतः खताची पोती आणली, वाफ्यावर रिकामी केली आणि पायाने दाबत खिडकीकडे पाहून ओरडला, "बघ अक्का, कसं बसवलंय." ती ओरडून ओरडून नको म्हणत होती. त्याला वाटलं, कमरेतून कळा येताहेत. तो गोळी घेऊन आत आला.

नेचा एकदम मरत नाही. पानं बरेच दिवस हिरवी राहिली, आणि तेवढे दिवस भाऊ रोज तिला म्हणत राहिला, बघ, किती छान आहेत. मग ती बुडातून काळी पडत गेली. फुलवाल्याने एक ओढलं तर अलगद हातात आलं, खाली घाण वासाचा लगदा. त्याने हात भिंतीला पुसला आणि पुन्हा आला नाही.

खोली पाडायला गवंडी आला तेव्हा भावाने आणि भावजयीने खाट उचलली. मोरीच्या बोळात जागा केली होती. भावाचे डोळे भरले होते.

"माझ्या हातांनी खत घातलं गं, अक्का. तरी जगलं नाही."

"खाट सरळ धर," ती म्हणाली. "हाड दुखतंय."