यंत्रात पाणी भरेना

त्या काळी अख्ख्या डोंबिवलीत भांडी घासायचं यंत्र एकाच घरात असावं, आमच्या. आणि ते चालत नव्हतं.

आमचे हे ठाण्याच्या एका कारखान्यात फिटर. त्यांनी अर्धं पिंप कापून, आत तारेची टोपली आणि बाहेर दांडा बसवून ते धूड मोरीत आणून ठेवलं. टोपलीत ताटं-वाट्या लावायच्या, सोडा टाकायचा, लाल खुणेपर्यंत पाणी सोडायचं आणि दांडा फिरवायचा. आतली पाती पाणी घुसळून भांड्यांवर मारत. त्यांना हौस होतीच, पण हे माझ्यासाठी केलेलं. मला कल्याणला शिक्षिका होण्याच्या वर्गात प्रवेश मिळाला होता. मुलाखतीला गेले तेव्हा समोरच्या बाई माझ्या कागदांपेक्षा नखांकडेच बघत होत्या. राख भरलेली होती ना! आणि सासूबाईंनी सांगून टाकलेलं, "शिक ना, माझी ना नाही. पण खरकटी भांडी मोरीत टाकून या घरची सून बाहेर पडायची नाही."

आमचं खटलं मोठं. सकाळची भांडी राखेनं घासून उठेपर्यंत कल्याणची गाडी निघून गेलेली असायची. म्हणजे यंत्र चाललं तर वर्ग, नाहीतर राख. सोमवारी वर्ग सुरू होणार होता.

पाणी यायचं मागच्या अंगणातल्या पिंपातून. विटांच्या ओट्यावर उंच ठेवलेलं ते बंद पिंप, वर वाटीएवढं तोंड. पाणक्या पहाटे विहिरीचं पाणी नरसाळं लावून त्यात ओतायचा. खालून नळी भिंतीतून मोरीत. तोटी सोडली की पहिल्यांदा झकास धार यायची. माझा जीव हरखायचा. मग गुळगुळ, मग ठिबकठिबक, मग काही नाही. पाणी लाल खुणेच्या वीतभर खालीच थांबायचं आणि पाती हवेत खडखडायची. पुन्हा आपली मी राख घेऊन बसायची!

बरं, रविवारी हे घरी असले की तेच यंत्र भडाभडा भरायचं. माझा नुसता संताप व्हायचा. सासूबाई हसून म्हणायच्या, "मालक ओळखतं गं ते. तुझ्या हाताला नाही यश." यांनी नळी सोडवून धुतली, तोटी उघडून पाहिली, ओटा वीटभर उंच केला. मी म्हटलं, "अहो, रविवारी सगळं ठीकच असतं. बिघडतं ते तुम्ही गेल्यावर." हे म्हणाले, "मग मी नोकरी सोडतो." थट्टा सुचते पुरुषांना!

शुक्रवारी दुपारी गोड्या तेलाचा नवा डबा फोडायला घेतला. घाईत खिळ्यानं एकच भोक पाडलं आणि डबा कलता केला. तेल आलं, गचका दिला, थांबलं. पुन्हा गुळगुळ, पुन्हा थांबलं. अगदी मोरीतल्या नळीसारखं! मी नेहमीसारखं समोरच्या कोपऱ्यात दुसरं भोक पाडलं, आणि तेल सरळ धारेनं यायला लागलं. आत हवा गेल्याशिवाय तेल बाहेर येत नाही, हे तर मला लहानपणापासून ठाऊक होतं. खिळा हातातच राहिला माझ्या. पिंपाला हवा कुठून मिळत होती?

तशीच अंगणात धावले. पिंपाच्या तोंडात लाकडी बूच, त्याला ओलं फडकं गुंडाळून गच्च ठोकलेलं. ही सासूबाईंची करामत. पाणक्या गेला रे गेला की त्या रोज बूच मारायच्या, पाण्यात पाल पडेल म्हणून. रविवारी हे काठी घालून पाणी किती आहे ते बघायचे आणि बूच दुपारपर्यंत ओट्यावरच विसरायचे. माणूस विसरभोळा, म्हणून यंत्र चालायचं!

मोरीतली तोटी सकाळपासून उघडीच राहिली होती. दोन्ही हातांनी बूच उपटलं. पिंपानं 'हुस्स' करून श्वास घेतला, आणि आतून सासूबाईंची आरोळी आली, "अगं बाई! पाणी आलं! अगं, लाल खूण गेली, बंद कर कुणीतरी!" मी अंगणातच टाळ्या पिटल्या. शेजारणी डोकावल्या तरी थांबले नाही.

संध्याकाळी यांना सांगितलं तर कपाळावर हात मारून इतके हसले की चहा सांडला. सासूबाईंनी मात्र पालीचं काय, एवढंच विचारलं. मी म्हटलं, "लोणच्याच्या बरणीला बांधता तसा मलमलीचा दादरा बांधा. हवा जाईल, पाल जाणार नाही." त्यांनी आपल्या जुन्या पातळाचा तुकडा फाडला.

सोमवारी जेवणं उरकली. मी पदर खोचून मोरीत गेले, तर सासूबाई आधीच पाटावर बसलेल्या. ताटं टोपलीत, पाणी लाल खुणेवर, दांडा त्यांच्या हातात.

"खांबासारखी उभी काय राहिलीस? गाडी जाईल ना!"

"अहो, पण खरकटी भांडी मोरीत टाकून..."

"मोरीत कुठायत? यंत्रात आहेत," त्या म्हणाल्या आणि दांडा फिरवायला लागल्या.

त्या दिवशी वर्गात वही उघडताना माझ्या नखांत राख नव्हती.