गच्चीवरचं स्वप्नाचं झाड

गेवराईत माझं मेडिकल आहे. दिवसभर काउंटरमागं उभं राहून लोकांची पित्तं, खोकले आणि गुडघे सांभाळायचे, हा धंदा. मी स्वतः सुपारीचं खांडदेखील तोंडात टाकत नाही. महाशिवरात्रीला कुठं भांगेचा पेला फिरायला लागला की मी चप्पल शोधायला लागतो. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढं जे झालं त्यावरून माझ्याबद्दल तालुक्यात बरंच बोललं गेलं.

नाद लागला तो मोबाइलमुळं. दुपारी गिऱ्हाईक नसताना मी झाडांचे व्हिडिओ बघत बसायचो. एकदा त्यात समुद्रशोषाचा वेल दाखवला. मोठाली पानं, त्यांची पाठ चांदीसारखी, फुलं जांभळट. आमच्या शाळेच्या कुंपणावर हाच वेल होता आणि आम्ही त्याच्या पानांनी एकमेकांना झोडपायचो. त्याच्या बियांत माणसाचं डोकं फिरवणारं काहीतरी असतं, असं तो व्हिडिओवाला सांगत होता. मला नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. वेलाला ना मेंदू, ना झोप. मग माणसाच्या मेंदूचं कुलूप उघडणारी किल्ली त्यानं घडवली कुणासाठी? कॉलेजात फार्मसी शिकताना असले प्रश्न पडले नाहीत. तेव्हा पास व्हायचं होतं.

मला ते खायचं नव्हतं. वाढवायचं होतं. वेल आणून गच्चीवर लावला. मग अशी झाडं लावणाऱ्यांच्या मोबाइलवरच्या एका ग्रुपात शिरलो. तिथं एकाकडून दक्षिण अमेरिकेतला खांबासारखा उंच वाढणारा निवडुंग मिळाला. तिकडचे लोक म्हणे त्याला देवळात मान देतात. आमच्याकडं त्यावर बायकोचं पोलकं वाळत पडायचं. आणि मग पुण्याच्या एका गृहस्थानं माझ्या वेलाच्या फांदीच्या बदल्यात मेक्सिकोतलं एक झुडूप कुरियरनं पाठवलं. झेंडूच्याच खानदानातलं, पण झेंडूचं रूप अजिबात न घेतलेलं. खरबरीत पानं, किरकोळ बांधा. तिकडं असं मानतात की ह्या पानांनी स्वप्नं ठळक पडतात. कायद्याच्या यादीत त्याचं नाव नाही, हे मी आधी बघून घेतलं होतं.

झाड डोंगराळ मुलखातलं आणि आमचा एप्रिल महिना म्हणजे तव्यावर उभं राहायचं काम. गच्चीवर हिरवी जाळी बांधली, तरी ते दुपारी मान टाकायचं. शेवटी मी कुंडी उचलून खाली कूलरसमोर ठेवली. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. ती घरी आली, पर्स ठेवली, आणि कूलरच्या वाऱ्यात डुलणाऱ्या झाडाकडं बघत उभी राहिली.

"अहो, मी कुठं बसू?"

"जरा बाजूला बस ना. वारा फिरतो तिकडंही."

तिनं स्वयंपाकघरातून पाट आणला आणि झाडाला खेटून बसली. उन्हाळाभर आम्ही तिघं असे बसलो. मी, ती आणि मधे कुंडी.

घरात आई असते. तिनं एक दिवस विचारलं, "एवढं काय कवतिक हाय रं ह्याचं? ना फूल, ना वास."

"स्वप्नाचं झाड आहे, आई. मेक्सिकोचं."

"म्हैसूरचं?"

"मेक्सिको. लांब आहे."

"म्हैसूरबी लांबच हाय," आई म्हणाली आणि भजनाला निघून गेली.

आठवडा उलटायच्या आत झाडाला प्रसिद्धी मिळाली. आईच्या भजनातल्या दोघी बायका दुकानात आल्या. एकीनं बामाची डबी घेतली आणि हळूच म्हणाली, "त्ये म्हैसूरचं पान दे की दोन. आमची माय सपनात येत न्हाई, लई दिस झाले."

मी म्हणालो, "मावशी, माझ्याकडं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय सख्ख्या मेव्हण्यालाही झोपेची गोळी मिळत नाही. पान कुठलं देऊ?"

"मग चिठ्ठी आणू का?"

शेजारी फळांचा गाडा लावणारे चाचा हे सगळं ऐकत होते. बायका गेल्यावर ते आत आले, टोपी काढून डोकं पुसलं आणि म्हणाले, "भाऊ, मला पान नको. सपन बंद करायचं झाड असलं तर बघा."

"का हो?"

"रोज सपनात एक गिऱ्हाईक येतंय. पपई दाबून बघतंय, खाली ठेवतंय. दुसरी दाबतंय. घेत तर न्हाईच. दिवसा हेच, रातीबी हेच. आराम कवा करू?"

त्यांना देण्यासारखं माझ्याकडं खरंच काही नव्हतं. मी त्यांना चहा पाजला.

मग उमापूरकडचे एक माजी सरपंच आले. पांढरी गाडी दुकानासमोर आडवी लावून, दोन माणसं बाहेर उभी करून, आत येऊन बसले. माझ्या वडिलांची आणि त्यांच्या वडिलांची ओळख होती, तेवढ्या नात्यानं मी त्यांना आबा म्हणायचो. त्यांची अडचण अशी होती की निवडणूक तोंडावर आली होती आणि उभं राहावं की नाही हे ठरत नव्हतं.

"आमचे वडील असते तर इचारलं असतं," ते म्हणाले. "त्यांच्या शब्दाबाहीर आमी कदी गेलो न्हाई. आता त्यांना गाठायचं कुठं? तर कळलं की तुमच्याकडं सोय हाय."

"आबा, सोय वगैरे काही नाही. शोभेचं झाड आहे. पानं कडू जहर असतात, कुणाला मानवतील कुणाला नाही. मी देणार नाही."

"विरोधकांनी सांगितलंय का तसं?"

मी हात जोडले. ते उठले, पण माझ्या दुकानातून थेट माझ्या घरी गेले, हे मला नंतर कळलं. घरी आई होती. आईला आबांच्या वडिलांबद्दल आदर होता आणि आलेल्या माणसाला रिकामं पाठवायची तिला सवय नव्हती. भजनातल्या त्या दोघीही बोलावल्याशिवाय आल्या होत्या. चुलीवर चहा ठेवतात तसं तिनं पातेलं ठेवलं आणि माझ्या झाडाची पानं त्यात टाकली.

दुपारी जेवायला घरी गेलो तर ओसरीवर आईसकट चौघंजण हातात कप घेऊन बसलेले. सगळ्यांची तोंडं अशी वेडीवाकडी झालेली की मला आधी वाटलं कुणीतरी गेलं. आबांनी डोळे घट्ट मिटले होते.

"काय प्यालात?" मी विचारलं, पण कुंडीकडं बघितल्यावर उत्तराची गरज राहिली नाही. झाडाची हजामत झाली होती.

"कारलं ह्याच्यापुढं बासुंदी हाय," आबा डोळे न उघडता म्हणाले.

मी दुकानातून बीपीचं मशीन आणलं आणि संध्याकाळपर्यंत एकेकाच्या दंडाला पट्टा बांधत बसलो. चक्कर येते का, मळमळतं का, किती बोटं दिसतात, सगळं विचारलं. पुण्याच्या गृहस्थांना फोन केला. ते म्हणाले, एवढ्याशानं काही होत नाही, पण लक्ष ठेवा. सगळ्यांचं ठणठणीत होतं. बीपी वाढलेलं होतं ते फक्त माझं. बायको शाळेतून आली, तिनं तो दरबार बघितला, माझ्या हातातून मशीन घेतलं आणि आधी माझ्याच दंडाला लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधीच शटरपाशी गर्दी. एक मावशी सांगत होती की तिची माय आली, पदरात बोरं घेऊन आली, एकेक बोर पुसून दिलं. दुसरीनं ते सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, माझी माय तर हत्तीवर बसून आली. पहिलीला हे पटलं नाही. "तुझी माय कदी बैलगाडीत बसली न्हाई, चालत फिरली जन्मभर, अन् आता हत्ती?" दुसरी म्हणाली, "म्हणून तर." त्यावरून दोघींची इतकी जुंपली की मला काउंटर सोडून मधे पडावं लागलं.

आबा दुपारी आले, एकटेच. गाडी लांब लावून चालत आले.

"दिसले का वडील?" मी विचारलं.

"दिसले."

"मग?"

"समोरच्या पार्टीच्या जीपमधी बसलते. पुढच्या सीटवर." त्यांनी रुमालानं चेहरा पुसला. "मला बघून हातबी हालवला."

मी म्हणालो, "स्वप्नाचं काय एवढं मनावर घ्यायचं, आबा."

"जिवंतपणी असं केलं न्हाई त्यांनी," ते म्हणाले आणि उठले. त्यांनी अर्ज भरला नाही. पुढं समोरच्या पार्टीतच गेले, आणि वडिलांची इच्छा होती असं भाषणात सांगू लागले.

हे झाल्यावर कुणीतरी माझ्याविरुद्ध अर्ज दिला. आबांचा जुना कार्यकर्ता असावा, पण ते कधी कळलं नाही. एका रविवारी सकाळी एक जमादार दारात उभे राहिले. पोटानं सुखी, आवाजानं थकलेले.

"मेडिकलवाले तुमीच ना? तक्रार हाय. म्हैसूरहून गांजा आणून गच्चीवर लावलाय म्हणून."

मी त्यांना वर नेलं; ऊन उतरल्यापासून कुंडीही परत तिथंच होती. लपवण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मीच स्वप्नाच्या झाडापाशी जाऊन म्हणालो, "साहेब, लोक बोलतात ते हे झाड. गांजा नाही. दुर्मीळ आहे, फार लांबून आणलंय."

त्यांनी काठीच्या टोकानं एक फांदी हलवली. "हे? हे तण हाय."

खरं सांगतो, त्या क्षणी मला सुटका झाल्याचा आनंद व्हायला हवा होता. पण अपमानच जास्त वाटला. मी समजावून सांगू लागलो की हे तण नव्हे, ह्याचा इतिहास असा असा आहे. बायको मागून माझा शर्ट ओढत होती. जमादारांचं लक्ष नव्हतं. समुद्रशोषाकडं बघून ते म्हणाले, सावली चांगली पडते. निवडुंगाला त्यांनी काठी टेकवून ठेवली. आणि मग कोपऱ्यातल्या फुटक्या टबापुढं जाऊन थबकले.

"सापडलं," ते म्हणाले.

टबात आईची अंबाडी होती. जमादारांनी मोबाइल काढला, गांजाचा फोटो उघडला आणि एक पान शेजारी धरलं. बोटांसारखी फाकलेली लांब पानं, कडांना दाते. मी मान्य करतो, फरक सांगणं अवघड होतं.

"साहेब, ही अंबाडी आहे. भाजीची."

"सगळे भाजीचीच म्हणतात."

एवढ्यात आई जिना चढून वर आली. तिनं काय चाललंय ते ऐकलं, टबापाशी गेली, एक पान खुडलं आणि चावून गिळलं. मग दुसरं खुडून जमादारांपुढं धरलं.

"खा."

"ड्यूटीवर हाव, आजी."

"खा म्हणते."

त्यांनी इकडंतिकडं बघितलं, पान तोंडात टाकलं आणि एक डोळा मिटला. आंबट पान लागल्यावर मिटतो तसा. बराच वेळ ते चावत राहिले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "आमची माय करायची. तांदळाच्या कण्या घालून. बदली झाल्यापासून खाल्ली न्हाई."

पुढचा पंचनामा खाली स्वयंपाकघरात झाला. आईनं अंबाडीची भाजी केली, वर लसणाची फोडणी ओतली, बायकोनं ज्वारीच्या भाकरी थापल्या. जमादार टोपी मांडीवर ठेवून जेवले. मधेच म्हणाले, "वहिनी, ठेचा हाय का?" ठेचा होता. जाताना त्यांनी मला दाराशी थांबवून सांगितलं, "काही आढळून आलं न्हाई असं लिवतो. पण त्ये तण तेवढं काढून टाका. उगं जागा अडवतंय."

ते गेल्यावर मी आणि आई गच्चीवर झाडांना पाणी घालत होतो. छाटलेल्या झुडपाला नवी पालवी आली होती. आई त्याच्यापाशी थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, "तुला सांगितलं न्हाई मी. त्या राती तुझा बाप आलता."

वडील जाऊन बरीच वर्षं झाली. आई त्यांच्याबद्दल फारसं बोलत नाही. मी पाण्याचा पाइप खाली ठेवला.

"काय म्हणाले?"

"काय न्हाई. बाजंवर बसलते. मीबी बसले."

"मला का नाही सांगितलंस?"

"त्या दोघींच्या हत्ती-बोरांत कुठं सांगू?"

मी त्या झाडाकडं बघितलं. इतके दिवस वाढवलेल्या पानानं शेवटी काहीतरी करून दाखवलं होतं, आणि तेही माझ्याच घरात. मला भरून आलं. मी म्हणालो, "आई, म्हणजे पानात खरंच काहीतरी आहे."

"पानात कशाचं?" आई म्हणाली. "मी पेलेच न्हवते. ओठाला लावलं, लई कडू. तुमची सगळ्यांची नजर चुकवून मोरीत ओतलं."

मी पुन्हा पाइप उचलला. आईनं निवडुंगावरचं पोलकं काढून झटकलं, घडी घातली आणि खाली गेली.