तानसा म्हणजे समुद्र नव्हे

किन्हवलीच्या स्टँडवर शहापूरची गाडी लागली तेव्हा माझ्या दोन्ही हातांत बांबूच्या करंड्या होत्या आणि प्रत्येक करंडीत एकेक जिवंत समुद्रपक्षी. कंडक्टरने विचारलं, कोंबड्या आहेत का? मी नाही म्हटलं. वास कसला येतोय, या प्रश्नावर मी बोंबलाचा असं खरं उत्तर दिलं. तो म्हणाला, करंड्या टपावर टाका. मी त्या मांडीवर घेतल्या आणि खिडकीशी बसले. माझ्या मागोमाग माझ्या मोठ्या नणंदबाई, गंगूवन्सं, चढल्या. त्यांच्याकडे बघून कंडक्टरने विषय सोडून दिला. मुरबाडकडची, भातलावणीत आयुष्य काढलेली बाई. तिच्याशी हुज्जत घालायला सहसा कोणी धजत नाही.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी किन्हवलीच्या शाळेत विज्ञान शिकवत होते. सुट्टीच्या दिवशी दुर्बीण घेऊन तानसा तलावावर पक्षी बघायला जायचं, हा माझा एकुलता एक शौक. त्या श्रावणात सलग काही दिवस पश्चिमेचा वारा सुटला, झाडं मोडली, आणि वारा पडल्यावर शाळेच्या मैदानात एक लांब पंखांचा पक्षी चिखलात बसलेला सापडला. पाठ तपकिरी-करडी, पोट पांढरं, शेपूट दुभंगलेली. कपाळावरचा पांढरा पट्टा बारीक भुवईसारखा डोळ्याच्या मागेपर्यंत गेलेला. हा सुरय, पाण्यावरून उडत मासे टिपणारा पक्षी, पण तानशावर दिसणारा नदीसुरय नव्हे. हा समुद्रावरचा, वाऱ्याने सह्याद्रीच्या पायथ्यापर्यंत लोटत आणलेला.

दुसऱ्याच दिवशी मुरबाडच्या गाडीच्या ड्रायव्हरने सांगितलं, तसलाच एक तिकडे एका हॉटेलात बांधून ठेवलाय. शाळा सुटल्यावर मी तशीच मुरबाडला गेले आणि वन्संना सोबत घेतलं. हॉटेलवाल्याने पक्षी टेबलाच्या पायाला सुतळीने बांधला होता. लोक चहा प्यायला येत, त्याला भजी टाकत, तो तोंड लावत नसे. त्याची पाठ काळीकुळकुळीत होती आणि कपाळाचा पांढरा रंग डोळ्याशीच थांबला होता. दिसायला दोघे सख्खे भाऊ, पण जात वेगळी. हॉटेलवाला म्हणाला, पक्षी त्याला सापडला, तेव्हा तो त्याचा. मी सांगत होते की हा भजी खात नाही, मरेल. तो ऐकत होता आणि कप विसळत होता. शेवटी वन्संनी वाकून विळीसारख्या धारदार नखांनी सुतळी सोडवली, पक्षी पदरात घेतला आणि त्याला म्हणाल्या, "पोलिसात जा. आमी हितंच ऱ्हातो, मुरबाडात." तो कुठेही गेला नाही.

पुढचे दिवस मी दोघांना बोंबलाचे तुकडे चोच उघडून भरवले. किन्हवलीचा पक्षी लवकर सावरला. मुरबाडचा काळा मात्र मान टाकून बसे. मुख्याध्यापकांनी सल्ला दिला, तानशात सोडून द्या, एवढं मोठं पाणी आहे. जनावरांचे डॉक्टरही तेच म्हणाले. पाणी ते पाणी. मी म्हटलं, तानसा म्हणजे समुद्र नव्हे; तिथे यांचं खाणं नाही, वाट नाही, सोबती नाहीत. मी यांना अर्नाळ्याच्या समुद्रावर नेऊन सोडणार. मुख्याध्यापक हसले आणि रजा मिळणार नाही म्हणाले. घरी हे म्हणाले, लोक हसतील. मी म्हटलं, हसू देत. यांनी दोन करंड्यांची झाकणं तारेने पक्की करून दिली.

वन्सं निघायच्या आदल्या दिवशी किन्हवलीला मुक्कामाला आल्या होत्या. "मी पन येते वयनी (वहिनी)," एवढंच म्हणाल्या. त्यांनी समुद्र पाहिला नव्हता.

शहापूरला गाडी बदलून आम्ही भिवंडी गाठली. वाटेत काळ्या पक्ष्याने ओकारी काढली ती शेजारच्या गृहस्थांच्या पांढऱ्या लेंग्यावर. त्यांनी गाडी थांबवायला लावली. आम्ही रस्त्याकडेच्या डबक्यात लेंग्याचा तो भाग धुऊन दिला. पक्ष्याची हकिगत ऐकून ते चिडायचे थांबले, पण आमच्यापासून दूर जाऊन बसले. भिवंडीहून पुढची गाडी अंबाडी, वज्रेश्वरीमार्गे विरारला जाणारी. दोन्ही बाजूंना पोटरीला आलेलं भात, मध्येच तानसा नदीचं गढूळ पाणी. वज्रेश्वरीला गाडी बराच वेळ थांबली तेव्हा आम्ही भाकरी आणि सुकटीची चटणी खाल्ली आणि करंड्यांवर ओलं फडकं टाकलं. विरारहून अर्नाळ्याला पोचेतो दुपार कलली होती.

किनाऱ्यावर येताच वन्सं उभ्याच राहिल्या. समोर मातकट लाटा, पलीकडे बेटावरचा किल्ला, आणि त्यापुढे काहीच नाही. त्या म्हणाल्या, "ह्याला पल्याड नाय काय गो?"

नारळी पौर्णिमा होऊन होड्या नुकत्याच पाण्यात उतरल्या होत्या. धर्मा नावाच्या तांडेलाला (होडीचा प्रमुख) मी सगळं समजावलं. दोन्ही पक्षी त्याला सारखेच वाटले. किनाऱ्यावरून उडवून द्या म्हणाला. मी फरक सांगितला. तपकिरी पाठीचा किनाऱ्याच्या बऱ्यापैकी जवळ राहतो, वाहत आलेल्या लाकडावर, शेवाळाच्या गठ्ठ्यावर बसतो, त्याच्या आसपासची बारीक मासळी टिपतो. काळ्या पाठीचा अथांग समुद्रातला. वर्षानुवर्षं जमिनीवर उतरत नाही, पाण्यावरही बसत नाही, कारण त्याची पिसं भिजतात. मोठे मासे खालून हाकलतात तेव्हा उसळणारी छोटी मासळी तो उडता उडता उचलतो. समुद्र एकच, पण दोघांनी तो असा वाटून घेतलाय, म्हणून एकाच्या तोंडचा घास दुसरा काढत नाही. काळ्याला किनाऱ्यावर सोडणं म्हणजे तानशात सोडण्यासारखंच.

धर्माने मान डोलावली. पक्षी तो नेईल म्हणाला, पण आम्हाला नाही. "बायांना होडीवर घेत नाय आमी. दर्या खवळतो."

मी करंड्या त्याच्या हाती द्यायला नकार दिला. त्याची बायको मंजुळा जाळं विणत बसली होती. तिने आम्हाला पडवीत झोपायला जागा दिली, मांदेलीचं कालवण आणि भात वाढला.

उजाडताना होडी लोटायची वेळ झाली. बघते तर वन्सं होडीत जाऊन बसलेल्या, दोन्ही करंड्या दोन्ही बगलांत. धर्मा म्हणाला, उतरा. त्या म्हणाल्या, "मी बसलेय. आता उचलून काढायचं तर काढा." धर्माचे दोन्ही खलाशी दुसरीकडे बघू लागले. मी पाण्यात शिरून चढले. तेवढ्यात मंजुळा आली, नऊवारीचा काष्टा घट्ट केला आणि होडीच्या कडेवर हात टेकून आत आली. नवऱ्याला म्हणाली, "जन्मभर तू आणलेली म्हावरं (मासे) मीच इकलीत. दर्या खवळायचा असंल तर आमच्या तिघींवर खवळू दे." धर्माने मशीन सुरू केलं.

समुद्र खवळला नाही, पण माझं पोट खवळलं. किल्ला मागे पडला तशी मी कडेला वाकून सकाळचा चहा दर्याला दिला. वन्संना काहीही झालं नाही. किनारा बारीक रेघ झाला तेव्हा एक ओंडका तरंगताना दिसला. मी तपकिरी पाठीच्या पक्ष्याची करंडी उघडली. तो क्षणभर काठावर बसला, पंख उघडले आणि गेला. एक फेरी मारून तो थेट त्या ओंडक्यावर उतरला, पिसं चोचीने सारखी केली, मग पाण्यालगत झेप घेऊन काहीतरी उचललं. पुस्तकात वाचलेलं डोळ्यांसमोर घडताना बघून माझी मळमळ थांबली.

मग उतावीळपणे मी दुसरी करंडी उघडली. काळा पक्षी उडाला, डगमगला आणि पाण्यात पडला. पंख पसरून तो लाटेवर गरगरू लागला. मी धर्माला होडी वळवायला सांगितलं. तो म्हणाला, आता गेला तो. मी पुन्हा सांगितलं. तो कुरकुरला, पण त्याने होडी वळवली आणि खलाशाने दांड्याच्या छोट्या जाळीने पक्षी उचलून दिला. वन्संनी त्याला छातीशी धरला आणि पदराने पीस पीस टिपलं.

"परत जाऊ," धर्मा म्हणाला.

"तो वाळू दे," मी म्हटलं. "आणि अजून आत घ्या. इथं त्याचं काही नाही."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग मंजुळेकडे. ती पाण्याकडे बघत होती. त्याने होडीचं तोंड पश्चिमेला केलं.

ऊन चढलं. पाण्याचा मातकट रंग जाऊन हिरवट-निळा झाला. पक्ष्याने वन्संच्या हातून बोंबलाचे दोन तुकडे गिळले, पहिल्यांदाच आपणहून. आणि मग पुढे एका जागी पाणी उकळल्यासारखं दिसलं. खालून मोठे मासे येत होते, वर बारीक मासळी उसळत होती, आणि वर घिरट्या घालत होते काळ्या पाठीचे पाच-सहा पक्षी. वन्संच्या हातातल्या पक्ष्याने मान ताठ केली. त्यांनी विचारलं, सोडू? मी हो म्हटलं. त्यांनी ओंजळ उंच केली. पक्षी उडाला, पाण्याला टेकेल इतका खाली आला, आणि मग तो वर चढला. त्या थव्यात शिरल्यावर आमचा कोणता ते ओळखता येईना. धर्माने मशीन बंद केलं होतं. मंजुळेने नवऱ्याला जाळं टाकायची खूण केली, आणि त्या दिवशी त्यांना चांगली मासळी लागली.

दुसऱ्या दिवशी आम्ही परतलो. वन्सं शहापूरहूनच मुरबाडच्या गाडीत बसल्या. मी किन्हवलीला उतरले. नाक उन्हाने सोललेलं, लुगड्याला मिठाचे डाग. स्टँडवर एकाने विचारलं, एवढा खटाटोप करून ते पक्षी जगले का? मला ठाऊक नाही. पुढच्या वाऱ्यात ते गेलेही असतील. पण जिवाला त्याच्या घरी नेऊन पोचवणं हे माणसाच्या हातात असतं, पुढचं नसतं. आणि जे हातात आहे ते वेडेपणा ठरवून सोडून देणाऱ्यांचं शहाणपण मला नको होतं, आजही नको आहे.

सकाळी शाळेत रजेचा अर्ज दिला. कारणाच्या जागी लिहिलं होतं : समुद्रपक्ष्यांना समुद्रावर पोचवणे. मुख्याध्यापकांनी तो माझ्यापुढे सरकवला आणि सांगितलं, प्रकृती बरी नव्हती असं लिहा, रजा मंजूर करतो. नाहीतर बिनपगारी होईल.

मी अर्ज परत त्यांच्यापुढे सरकवला. "माझी प्रकृती उत्तम आहे, सर," म्हटलं आणि तासावर गेले.