निमाकोची दाढी

नवरा गेला की त्याच्या शेवटच्या आंघोळीचं सामान बायकोने द्यायचं, ही आमच्या मांपोंग गावची रीत आहे. नवा साबण, नवा टॉवेल, अंग घासायची जाळी, अत्तराची बाटली, पावडर, नवं कापड. अंगणात सगळ्यांसमोर एकेक वस्तू वर धरून दाखवतात, म्हणजे बाईने हात आखडता घेतला का ते भाऊबंदांना कळतं. सामान बायकोचं, पण आंघोळ घालणार त्याच्या आईच्या कुळातल्या म्हाताऱ्या. माणूस जन्मभर कुणाच्याही घरी जेवलेला असो, मेला की तो आईच्या कुळाचा. बायकोने भिंतीशी चटई टाकून बसायचं आणि त्याच्या अंगाला हात लावायचा नाही.

क्वाकू निमाको गेला तेव्हा शुक्रवारी दुपारी असंच सामान दाखवणं चाललं होतं. टॉवेल उचलला, तर त्याच्या घडीतून दाढीचं मशीन वायरसकट जमिनीवर पडलं.

अंगणात हसू फुटलं. मयताच्या अंगणातसुद्धा आमच्या लोकांना हसू आवरत नाही. निमाकोचे मामा ओबेंग हे कुळाचे प्रमुख. त्यांनी ते मशीन वायरीला धरून मेलेल्या उंदरासारखं उचललं.

"सुनबाई, हे काय गं?"

"त्यांची दाढी ह्याने करा, मामा," सेरवा चटईवरून म्हणाली.

"अगं, वर करंट असतो का? इथेच धड नसतो!"

पुन्हा हसू. सेरवा हसली नाही. "तेवढं ब्लेड लावू नका. त्यांच्या तोंडाला ब्लेड सोसत नाही."

ओबेंग मामा काही दुष्ट माणूस नव्हते. भाच्याला उद्या पहाटेपासून पितळी पलंगावर सगळ्या गावासमोर ठेवायचं होतं. कुमासी शहरातून माणसं यायची होती, फोटोवाला यायचा होता. गालावर खुंटं दिसली असती तर लोकांनी नावं मामांनाच ठेवली असती. त्यांनी मशीन तिच्या मांडीवर ठेवलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मशीन खुंटं ठेवतं. तोंड तुळतुळीत हवं. आणि मेलेल्याला कसलं सोसणं न् कसलं काय, पोरी? ब्लेड दे. रीतीने ते तुझ्याकडूनच यायला हवं."

मांडीवरच्या मशीनवर दोन्ही हात ठेवून ती बसून राहिली. तिच्या मनात एकच होतं. जे ब्लेड आपण सगळ्या संसारात त्याच्या गालाला लागू दिलं नाही, ते आता दुसऱ्याच कुणाच्या हातून लागणार.

ही सेरवा म्हणजे बाजाराच्या तोंडाशी न्हाव्याची निळी टपरी आहे ना, तिची मालकीण. टपरी तिच्या बापाची. बापाला मुलगा नव्हता आणि त्याचे हात थरथरायला लागले तेव्हा कात्री हिने उचलली. सुरुवातीला बाईच्या हाताखाली डोकं द्यायला पुरुष लाजत. नंतर पाटीवर केसांचे नमुने म्हणून रंगवलेल्या पाच डोक्यांखाली बाकावर जागा मिळेना. बोलायला फटकळ, हाताने हलकी. गिऱ्हाईक बसलं की हत्याराला हात घालायच्या आधी ती त्याच्या गळ्यावरून बोटं फिरवायची. कुणाच्या कातडीला साबणाचा फेस आणि ब्लेड मानवतं, कुणाला मशीन. "आधी तोंड बघायचं, मग हत्यार," हे तिचं ठरलेलं बोलणं.

निमाको पहिल्यांदा तिच्याकडे आला तो दाढदुखी झाल्यासारखा हनुवटीखालून डोक्यावर रुमाल बांधून. तिने रुमाल सोडला आणि तिच्या तोंडून "अगं आई गं" निघालं. गळाभर टरारलेल्या पुटकुळ्या, काही फुटलेल्या, काही काळ्या पडून कडक झालेल्या.

तो दक्षिणेकडच्या एका सोन्याच्या खाणीवर पहारेकरी होता. रोज सकाळी गुळगुळीत दाढी करून रांगेत उभं राहायचं. साहेब कापसाचा बोळा घेऊन यायचा आणि एकेकाच्या गालावरून फिरवायचा. कापसाचा एक धागा जरी अडकला तरी त्या दिवसाचा पगार गेला. बाकीच्यांच्या गालावरून बोळा सरळ जाई. निमाकोच्या गालावर खुंटं नसली तर पुटकुळ्या असत, आणि कापूस कशालाही अडकतो. आमच्यासारखा कुरळा केस ब्लेडने मुळापाशी कापला की टोकदार होतो, आणि वाढताना वळून पुन्हा कातडीत शिरतो. कुणाला थोडा त्रास होतो, कुणाला भयंकर. निमाको रोज तेच तोंड पुन्हा कापत होता, आणि शेवटी साहेबाने त्याला रांगेतून बाजूला काढलं. "तोंड नीट करून ये," एवढंच म्हणाला. तो परत गेलाच नाही. मांपोंगला येऊन कुमासीला जाणाऱ्या ट्रोट्रो, म्हणजे भाड्याच्या छोट्या प्रवासी गाड्यांसाठी ओरडून माणसं गोळा करायला लागला.

सेरवाने आधी त्याची दाढी ब्लेडनेच करून पाहिली. खोटं कशाला सांगा, तिला आपल्या हाताची घमेंड होती. गरम पाण्याचं फडकं, भरपूर फेस, कोरं ब्लेड, कातडी न ताणता केसाच्या ओघाने एकच हात. दोन दिवस निमाको बाजारभर गाल दाखवत हिंडला. तिसऱ्या दिवशी सकाळी टपरीसमोर येऊन उभा राहिला, पुन्हा रुमाल बांधून.  त्या दिवशी ती दुसऱ्या गिऱ्हाइकांवर उगीचच खेकसत होती.

मग मशीन. मशीन कातडीच्या आत जात नाही. कोंड्याएवढं खुंट वर राहतं, आणि वर राहिलेल्या केसाला आत वळायला वाव नसतो. पहिल्याच शनिवारी अर्धी दाढी झाली आणि करंट गेला.

"आता?" निमाकोने विचारलं. डावा गाल साफ, उजव्यावर जंगल.

"आता बसायचं."

"उरलेली ब्लेडने उरकून टाका ना."

"ब्लेडचं नाव काढलंत तर उरलेलीही तशीच ठेवीन."

करंट काही येईना. तो बाकावर बसून राहिला. केळी विकणाऱ्या बाया येताजाता थांबायच्या. "काय हो, अर्ध्या पैशात केलीत वाटतं?" "नवरदेव, उरलेली सासरी होणार का?" निमाको त्यांना उलट सुनवायचा आणि सेरवा मान फिरवून हसायची. ती त्याच्यासाठी उकडलेला याम कंद आणि वांग्याची भाजी घेऊन आली. दिवस कलला तेव्हा दिवे आले, आणि तोपर्यंत दोघांचंही ठरल्यासारखं झालं होतं. पुढच्या पिकाच्या दिवसात त्याच्या कुळातली माणसं तिच्या घरी दारूच्या बाटल्या घेऊन मागणी घालायला आली. केळीवालीचं बोलणं असं खरं झालं.

तेव्हापासून दर शनिवारी टपरीतलं शेवटचं गिऱ्हाईक निमाको. मशीनचं पातं स्पिरिटने पुसायचं, आणि काम झालं की थंड पाण्याचं फडकं पिळून त्याच्या गळ्यावर ठेवायचं. त्याचा गळा निवला. काळे डाग तेवढे उरले. संसारात भांडणं झाली, एक मूल गेलं, दोन मुली वाढल्या, शिकल्या, लांब गेल्या. पण शनिवार कधी चुकला नाही. अबोला असला तरी तो येऊन खुर्चीत बसायचा आणि ती न बोलता मशीन चालवायची.

दर नाताळला मात्र एक हट्ट ठरलेला.

"सेरवा, यंदा एकदा ब्लेडने कर."

"नाही."

"एकच दिवस गं. गुळगुळीत गाल घेऊन चर्चला जातो. तू कापूस फिरव. माझ्या गालावरून कापूस एकदा तरी सरळ गेलेला मला बघायचाय."

"आणि परवा?"

"परवाचं परवा."

"परवा तू कण्हत बसणार आणि मी बघत. माझ्या हाताने मी तुला त्रास देणार नाही. दुसऱ्याकडे जा हवं तर."

दुसऱ्याकडे तो कधी गेला नाही. हसून सोडून द्यायचा. त्या हसण्याखाली खाणीवरची ती रांग अजून उभी आहे, हे तिला कळायचं. कळायचं, आणि तरी ती नाही म्हणायची, कारण तो रुमाल ती विसरली नव्हती. मागच्या नाताळला त्याने विचारलं तेव्हा त्याची दाढी पांढरी झाली होती. "नाही" ऐकून तो नुसताच "बरं बाई" म्हणाला. आणि मग एके दिवशी गाडीतळावर "कुमासी, कुमासी" ओरडता ओरडता तो बाकावर बसला आणि उठलाच नाही.

दुपार टळली. पोकुआ मावशी सेरवाच्या चटईपाशी येऊन टेकली. ही निमाकोच्या आईची धाकटी बहीण. आंघोळ घालणाऱ्या बायकांत तिचा शब्द शेवटचा.

"आंघोळ झाली. ब्लेड दे, पोरी."

"मावशी, त्याचा गळा बघितलात ना? जुने डाग बघितलेत?"

"बघितले."

"मग कसं म्हणता ब्लेड दे?"

पोकुआ मावशीने तिच्या मांडीवरचं मशीन बाजूला ठेवलं आणि तिचा हात हातात घेतला. "पुटकुळ्या कधी उठतात गं?"

"तिसऱ्या दिवशी."

"उद्या आपण त्याला पुरणार."

सेरवाने मावशीकडे बघितलं. तो जाऊन आठवडे झाले होते; शवागारातून त्याला आजच घरी आणलं होतं. रीतीप्रमाणे ती मोठ्याने रडली होती, लोकांनी धरलं होतं, पाणी पाजलं होतं. खरं रडू तिला आत्ता आलं. त्या माणसाने सगळ्या जन्मात तिच्याकडे एकच गोष्ट मागितली होती, तीही एका दिवसापुरती. तिने दर वेळी परवाचं नाव घेऊन नाही म्हटलं होतं. आता परवा उरलाच नव्हता. तिला आपल्या शहाणपणाची लाज वाटली, आणि ते शहाणपण खरं होतं हेही तिला ठाऊक होतं. त्यामुळे रडू थांबेना.

मावशी बसून राहिली. रडणं ओसरल्यावर सेरवाने नाक पुसलं. "ब्लेड देते. पण दाढी मी करणार."

"डोकं ठिकाणावर आहे ना? विधवेने अंगाला हात लावायचा नाही."

"न्हावी लावतो की."

 अंगणात मामा फोटोवाल्याशी उद्याच्या पैशांवरून भांडत होते. मावशीने तिकडे पाहिलं, मग सेरवाच्या अंगावरच्या काळ्या कापडाकडे.

"न्हावी म्हणून यायचं तर हे कापड काढ आणि तुझा टपरीतला पांढरा डगला घाल. आणि आत रडायचं नाही. त्याच्या अंगावर डोळ्यातलं पाणी पडलं तर त्याला जाता यायचं नाही."

"आणि मामा?"

"ओबेंगला मी बघते. लहानपणी त्याचं नाक मीच पुसलंय."

आतल्या खोलीत म्हाताऱ्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. पांढरा डगला बघून एकीने तोंड उघडलं, पण पोकुआ मावशीच्या नजरेने ते मिटलं. निमाको आंघोळ घालून, कमरेला कापड गुंडाळून निजवलेला होता. शवागाराने त्याचा रंग ओढला होता. सेरवाने गरम पाणी मागितलं. मेलेल्याला गरम पाणी कशाला, असं कुणी विचारलं नाही.

तिने फडकं गरम पाण्यात बुडवून त्याच्या गालावर धरलं. ब्रशने फेस केला, कानापासून गळ्यापर्यंत लावला. ब्लेडचा कागद सोडला, वस्तऱ्यात बसवलं. पहिला हात केसाच्या ओघाने. एकदा थांबून तिने बोटं झाडली. मग डावा गाल, उजवा गाल, हनुवटी, ओठावर. गळ्यावरच्या प्रत्येक काळ्या डागाशी ती आपोआप हलकी होत होती. कुठला डाग कुठे, केवढा, हे तिला बोटांनीच माहीत होतं. पुन्हा फेस लावला, आणि ह्या वेळी वस्तरा उलटा फिरवला, खालून वर. असा हात तिने त्याला कधी मारला नव्हता.

फेस पुसल्यावर समोर आलं ते तिच्या ओळखीचं तोंड नव्हतं. खाणीवर जायच्या आधीचा, तिने न पाहिलेला कुणी तरणा मुलगा असेल तसं होतं. तिला क्षणभर आपल्या नवऱ्याची खुंटं परत हवीशी वाटली.

उशापाशी नाकात घालायचा कापूस ठेवला होता. त्यातला थोडा तिने तोडला, बोळा केला आणि त्याच्या गालावरून फिरवला, कानापासून हनुवटीपर्यंत, मग गळ्यावरून खाली. उजेडात धरून पाहिलं. एक धागासुद्धा मागे राहिला नव्हता.

"गेला रे सरळ," ती हळूच म्हणाली.

म्हाताऱ्या उठल्या. कपडे घालायचे होते, मामा दारातून घाई करत होते. सेरवाने वस्तरा पुसला, मिटला, आणि मागे हात केला.

"मावशी, थंड पाण्याचं फडकं द्या."

"आता ते कशाला?"

"गळ्यावर ठेवते. नाहीतर परवा आग होईल त्याची."

बोलून गेल्यावर तिला आपण काय बोललो ते कळलं. हात तसाच मागे राहिला.  पोकुआ मावशीने बादलीत फडकं बुडवलं, नीट पिळलं आणि तिच्या हातात दिलं.