चांदण्यातला बांबू

मुर्रीच्या कवडू बुरडानं आयुष्यात एकदाच घाई केली, आणि ती त्याला जन्माची पुरली.

गावचे मोहनलाल मास्तर गोंदियाच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. शेतकऱ्याचा मुलगा नागपूरला जाऊन चित्रं काढायला शिकून आला, याचंच गावाला हसू. छप्पन साली त्यांच्या मनानं घेतलं, की आपण कागदावर काढायचं आणि कवडूनं ते बांबूत उतरवायचं: खुर्च्या, विजेच्या दिव्यांवरच्या टोप्या. कवडू छाती काढून हो म्हणाला. खरं बारीक काम होतं त्याच्या बायकोच्या, जमुनाबाईच्या बोटांत. हे मास्तरांना दुसऱ्याच दिवशी कळलं.

त्यांनी भोपळ्याच्या आकाराचा दिवा काढून आणला. जमुनाबाईनं कागद मांडीवर घेतला आणि कोळशानं मानेजवळची रेघ सरळ खोडली.

“मास्तर, कामटी येथं वळत नाई, मोडते. तिले जरा लांबून फिरू द्या.”

मास्तर आधी चिडले, मग हसले. तेव्हापासून चित्र आधी तिच्यापुढं यायचं, आणि कवडू शेजारी बिडी ओढत कौतुकानं बघायचा. तिच्याकडं असं बघायला त्याला वीस वर्षं लागली, हा त्याचा करंटेपणा.

तीन दिवे बिघडले. चौथा साधेलसं दिसू लागलं, तर बांबूच संपला. नागपूरचं प्रदर्शन पंधरा दिवसांवर आलेलं. बुरड बांबू तोडतो तो अंधाऱ्या पंधरवड्यात, आणि बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाण्यात महिनाभर मुरवून मगच चिरतो. चांदण्यातला बांबू गोड, त्याला भुंगा लागतो. हे कवडूला पोरवयापासून ठाऊक. तरी चांदणं वाढतं असताना त्यानं बांबू तोडून आणला.

“काऊन आणला?” जमुनाबाई म्हणाली. “भुंगा खाईल ना.”

“चार दिवसांचं तं प्रदर्शन हाय. तवरक कोन खाते?”

मास्तरांना दोघांनीही सांगितलं नाही. जमुनाबाईच्या अंगात ताप होता. “हे झालं का निजतो मी,” म्हणत तिनं दिवा पुरा केला.

दिव्याला नागपूरला पहिलं बक्षीस मिळालं. शुक्रवारी मास्तर तो घेऊन धावतच आले. जमुनाबाईला तापानं जाऊन तीन दिवस झाले होते.

कवडूच्या घरात वीज कुठली! त्यानं दिवा दारात टांगला. सकाळचं ऊन त्यातून आलं, की जमिनीवर तिच्या विणीची नक्षी पडे. कवडू नक्षीवर पाय पडू देत नसे.

दोन महिन्यांत त्या नक्षीवर पिवळा भुगा दिसू लागला. कवडूनं करंजीचं तेल चोळलं, कडुलिंबाचा धूर दिला. भुगा पडतच राहिला.

“दुसरा विणू, कवडूभाऊ,” मास्तर म्हणाले. “चित्र हाय ना माझ्यापाशी.”

“चित्र हाय जी. हात कोठून आनता?” आणि मग तो रडतच म्हणाला, “चांदण्यातला होता, मास्तर. तिनं सांगतलं होतं. मीच आयकलो नाई.”

पोळ्याच्या सुमारास दिवा हातात चुरला.

तिच्या हातचं घरात दुसरं काहीच नव्हतं. केलं ते सगळं विकलेलं. एके दुपारी कवडू मास्तरांच्या घरी गेला. मास्तरांची आई गोमतीबाई अंगणात तांदूळ पाखडत होती. सूप बारा वर्षांचं जुनं, शेणानं सारवून काळं पडलेलं. पण कोपऱ्यातली दुहेरी गाठ जमुनाबाईचीच. कवडूनं ते मागून घेतलं आणि काठावरून हळूहळू बोट फिरवलं. एक कामटीसुद्धा हललेली नव्हती.

“मोडलं का रे?” गोमतीबाईनं विचारलं. “नवं करून देतोस का?”

“नाई,” तो म्हणाला. “अंधाऱ्यातला बांबू हाय. तुमच्या नातसुनेले पुरल.”

सूप परत तिच्या हातात देऊन तो घराकडं निघाला.