पितराच्या पानावर

चौथीत शाळा सुटली. पुढं शिवणकाम शिकलो आणि मशीन घेऊन खानदेशातून वेल्ह्याच्या मुलखात आलो. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. मार्गासनी गावात एका म्हाताऱ्या शेतकरी जोडप्यानं मला पडवी दिली. काम तिथंच, झोपणं तिथंच, जेवण त्यांच्या चुलीवरचं. एकदा तापानं आठ दिवस पडलो, तेव्हा म्हातारीनं मला पेज पाजली, कपाळावर पट्ट्या ठेवल्या. ते मी विसरलेलो नाही. म्हणूनच पुढचं सांगताना चूक कुणाची, हे माझं मलाच अजून कळत नाही.

त्यांचा एकुलता मुलगा दोन वर्षांपूर्वी वारला होता. म्हातारी मला बाळा म्हणायची, ते गोड वाटायचं. पण ती केव्हाही पडवीत यायची, माझी पेटी उघडून कपड्यांच्या घड्या घालायची. माझ्या आईचं पत्र आलं की पुढ्यात बसून म्हणायची, "काय लिवलंय, वाच." वाचून दाखवलं की उठून आत निघून जायची. मग दोन दिवस मी आईचं नावच काढत नसे.

भादव्यात तिनं मुलाचा सदरा आणून दिला. "तुज्या मापाचा कर." मी खांदे आत घेतले, बाह्या आखूड केल्या. तिला नाही कसं म्हणणार? तिला वाटलं, मी कबूल झालो. कशाला, ते चार दिवसांनी कळलं. पितरपाटात, म्हणजे पितृपक्षात, त्या मुलखात वारलेल्याच्या नावानं त्याच्या वयाचा कुणीतरी जेवायला बसवतात. पाय धुतात, गंध लावतात, आणि तेवढ्यापुरता तोच तो गेलेला माणूस मानतात. तो सदरा घालून मी बसायचं होतं.

माझी आई जिवंत होती. पोरगा परमुलखात मेलेल्याच्या पानावर बसला हे तिला कळलं असतं तर? आणि नाही म्हणावं तर पडवी जाणार, ते एक वेळ चालेल, पण म्हातारीला तोंड कसं दाखवायचं?

श्राद्धाच्या दिवशी पाट मांडलेला होता. मी सदरा हातात घेऊन दारातूनच म्हणालो, "मावशी, मी नाही बसणार. दुसरं काहीही सांगा. माझी आई आहे हो घरी."

"म्या कुठं तुज्या आयचं काय काढून घेतीया?"

म्हातारा म्हणाला, "काय रं शिंप्या, सदरा बेतताना जीब कुठं ठिवली हुतीस?"

त्याचं खरंच होतं. "चुकलं माझं," म्हणालो. "तेव्हाच सांगायला हवं होतं."

म्हातारी पाटाकडं बघत राहिली. मग नवऱ्याला म्हणाली, "शेजारच्याला हाक मारा." सदरा तिनं माझ्या हातातून घेतला. शेजारचा गडी आडव्या अंगाचा, त्याला तो खांद्यात आवळला. तसाच बसून जेवला.

संध्याकाळी मी वळकटी बांधून बसलो होतो. म्हातारी ताट घेऊन आली आणि उंबऱ्याशी थांबली.

"येऊ का आत?"

असं तिनं कधी विचारलं नव्हतं. रागानं विचारलं की माझा मान ठेवून, मला उमजेना. "या की," म्हणालो.

ताट ठेवून तिनं वळकटीकडं पाहिलं. पेटीला हात लावला नाही. "खीर हाय. पानावरची न्हाई, तुला आदीच येगळी काडली हुती."

मी जेवलो आणि वळकटी सोडली. पुढं दीड वर्ष तिथं राहिलो, पण तिनं मला पुन्हा बाळा म्हटलं नाही. पूर्वीसारखं बाळा म्हणा, असं तिला सांगायचं, हे मी रोज ठरवत होतो आणि रोज राहून जात होतं.