कढीपत्त्याची कुंडी

जर्मनीतल्या आमच्या गेर्लिंगेनच्या मराठी मंडळींत वादळ एका दिवसात संपतं, पण त्याचे किस्से पुढच्या दिवाळीपर्यंत पुरतात. दर भेटीत उडालेलं छप्पर आणखी थोडं लांब जाऊन पडतं. यंदा जानेवारीत बर्फ आणि वारा एकदमच आले आणि प्रत्येकाच्या परसात काही ना काही मोडलं. माझ्याही. पण माझा किस्सा मी अजून ग्रुपवर टाकलेला नाही.

* * *

निमकर मेकॅनिकल इंजिनिअर. परसातली लाकडी खोली त्याने स्वतः डिझाइन केली होती. गणपतीत आरती झाल्यावर वाऱ्याच्या लोडचं प्रेझेंटेशन दाखवलं, प्रसाद त्यानंतर! वादळात त्या खोलीचा एक स्क्रू हलला नाही. अख्खी खोली मात्र सरकत कुंपणाला जाऊन टेकली, कारण जमिनीला बोल्ट मारायचे राहिले होते.

निमकर अजून सांगतो, "डिझाइन फेल नाही झालं. फक्त लोकेशन बदललं."

* * *

पराग आमच्यात सगळ्यात धाकटा. त्याच्या शेडचं छप्पर उडालं शनिवारी. हा रविवारी सकाळी हातोडा घेऊन वर चढला. दोन घाव घातले नाहीत तोच शेजारी हजर.

"आज रविवार आहे. ठोकाठोकी चालत नाही."

"पण छप्पर उडालंय!"

"गेनाऊ, अगदी बरोबर. ते उद्याही उडालेलंच असेल."

* * *

त्याच परागच्या सासूबाई पुण्याहून आल्या होत्या. इन्शुरन्सचा माणूस नुकसान बघायला येणार, एवढं त्यांच्या कानावर पडलं. पराग ऑफिसला गेल्यावर बाईंनी सगळं परसदार झाडून काढलं, मोडकी फळकुटं एकावर एक रचली, काचा गोळा करून टाकून दिल्या. तो माणूस आला आणि विचारत राहिला, नुकसान नेमकं कुठे आहे?

पराग चिडला तर त्या म्हणाल्या, "अहो जावईबापू, माणूस घरी यायचा आणि पसारा तसाच ठेवायचा?"

* * *

आता माझा.

आमच्या परसातलं छोटं काचघर माझ्या बायकोचं, सुनंदाचं. त्यात तिचा कढीपत्ता होता, बी लावून वाढवलेला. ती जाऊन दीड वर्ष झालं. तेव्हापासून मी ते दार उघडलं नव्हतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून काचघराच्या धुरकट काचा दिसायच्या आणि आत तिचं झाड आहे, एवढ्यावर माझं भागत होतं. पाणी कोण घालतंय, हा प्रश्न इंजिनिअर असून मला कधी पडला नाही. पाडायचा नव्हता, असं म्हणा.

वादळात काचघर आडवं झालं. ग्रुपवर सगळ्यांनी विचारलं, काका, यायचं का मदतीला? मी 'सगळं ओके' लिहिलं आणि दोन दिवस काचा उचलत बसलो. रिकाम्या कुंड्या सापडल्या. कढीपत्ता नव्हता. फार एकटं वाटलं. ती गेली त्या दिवशी घरात माणसं तरी होती.

कुंडी उडून शेजारी पडली असेल म्हणून फ्राउ लिंडनरांची बेल वाजवली. ऐंशीच्या बाई, एकट्या राहतात. अकरा वर्षांत आमचं सकाळच्या 'मॉर्गेन'च्या, म्हणजे नमस्काराच्या पुढे बोलणं गेलं नव्हतं. त्यांनी दार उघडलं. मागे हीटरजवळच्या खिडकीत कढीपत्ता उभा होता, माझ्या खांद्याएवढा.

"तुमच्या पत्नीने हॉस्पिटलला जायच्या आधी आणून दिला," त्या म्हणाल्या. "म्हणाल्या, नवरा स्वतः मागायला येईल तेव्हाच द्या."

"दीड वर्ष ठेवलात?"

"तुम्ही आला नाहीत."

कुंडीच्या ताटलीखाली प्लास्टिकच्या पिशवीत चिठ्ठी होती. वर सुनंदाच्या मोडक्या जर्मनमध्ये पाणी किती घालायचं ते. खाली चार ओळी मराठीत.

"अहो, आलात ना? मग कुंडी उचलून दारातूनच परत फिरू नका. बसा, कॉफी घ्या. त्याही एकट्याच असतात."